झेलणं डाव्या हाताचं

भाद्रपद लागला की पप्पांचा फोन येतो. जय जिनेंद्र झालं की पहिला प्रश्न ठरलेला. "तो पहारेकरी हाय का अजून पुलावर?"

मी म्हणते, आहे.

"धडधाकट?"

एकदम ठणठणीत.

"बरं मंग." एवढं ऐकून त्यांचं समाधान होतं. मग ते जगातल्या बाकीच्या बातम्यांवर येतात. पुण्यात पाऊस किती, इकडे सोयाबीनच्या शेंगा कशा भरून राह्यल्या, आईनं यंदा किती उपास धरायचे ठरवले आणि ती कशी कोणाचं ऐकत नाही, वगैरे.

यंदाही आला फोन. ठेवला, आणि माझ्या नाकात कोऱ्या कापडाचा वास आला. पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये कोऱ्या कापडाचा वास यायचं काही कारण नाही. पण भाद्रपद म्हटलं की माझ्यासाठी तो एकच, वाशीमच्या आमच्या घरातला, पप्पांच्या आजारपणाच्या वर्षीचा. बाकीचे भाद्रपद कॅलेंडरवर आले आणि गेले.

पहारेकरी म्हणजे आमच्या सोसायटीचा नव्हे. तो बिचारा रात्रभर मोबाइल पाहतो, त्याच्यावर कोणी तलवार काढणार नाही. हा माझ्या गेममधला. लाल चिलखत, माणसाच्या उंचीची तलवार, आणि एका दगडी पुलाच्या टोकाशी जन्मल्यापासून उभा असल्यासारखा उभा. त्याला हरवल्याशिवाय पलीकडे जाता येत नाही. असल्या मोठ्या शत्रूला खेळणारे लोक बॉस म्हणतात. ऑफिसातल्या बॉसशी त्याचं नातं असेलच असं नाही, माझ्या बाबतीत ते थोडंफार होतं.

अशा बॉससमोर तुम्ही गेलात की सगळा खेळ एका प्रश्नावर येऊन थांबतो. त्याची तलवार उचलली गेली. ती आता तुमच्यावर येणार. तुम्ही बाजूला सरकता, की जागेवर उभं राहून ती आपल्या तलवारीवर घेता? सरकलात तर वाचलात, पण तो पुन्हा तलवार उचलणार. झेललात, आणि अगदी नेमक्या क्षणी झेललात, तर ठण्ण आवाज येतो, ठिणगी उडते आणि त्याचा तोल थोडासा जातो. असा तोल जात जात शेवटी तो गुडघ्यावर येतो. पण झेलायला किंचित उशीर झाला तर तुम्हीच आडवे. खेळणारी पोरं यावरून तासन् तास भांडतात. मी पहिल्यापासून चुकवणाऱ्यांच्या पार्टीतली. हॉस्टेलपासून. लग्नाचा विषय निघाला की मला एकदम कोणाला तरी फोन करायचा असतो, त्यातलाच तो प्रकार.

त्या उन्हाळ्यात पप्पा दुकानात थान उलगडत होते आणि डावा हात थानासकट खाली गेला. पप्पांचं कापडाचं दुकान आहे, बाजारात. वाशीमच्या बाजारात दुकानं पुष्कळ, पण मानोऱ्याकडच्या बंजारा तांड्यांवरून बायका काचकामासाठी गडद लाल आणि निळं कापड घ्यायला यायच्या त्या थेट आमच्याकडे. थान उचलून रस्त्यावर नेत, उन्हात धरून रंग पाहत, नाकं मुरडत, परत आणत. पप्पा म्हणायचे, पाहा ना बाई, ऊन काही माह्या मालकीचं नाई. आणि पसंत पडलं की कात्रीनं काठाला एवढंसं चिरायचं आणि दोन्ही हातांनी टर्र करून फाडायचं. कात्रीनं कापलेलं वाकडं जाऊ शकतं, फाडलेलं सुताला धरून सरळ जातं. तो आवाज मला पाळण्यापासूनचा ओळखीचा. पप्पांना स्वतःला तो इतका आवडायचा की गिऱ्हाईक नसताना चिंध्या फाडत बसायचे.

तर अर्धांगाच्या झटक्यात तो हात गेला, डावा पायही. पाय सुधारला, काठीवर आला. बोलणं पहिल्या पंधरवड्यातच जागेवर आलं, कारण न बोलता पप्पा जगलेच नसते. डावा हात मात्र मांडीवर पडून राहायला लागला. बोटं आत वळलेली. मी लॅपटॉप, दोन बॅगा आणि गेमचा डबा घेऊन पुण्याहून आले. ऑफिसला सांगितलं, घरून काम करते. कामाची जागा कुठली, तर मधल्या खोलीतलं शिलाई मशीन, दुकानातून आणून ठेवलेल्या कोऱ्या थानांच्या ढिगाशेजारी.

व्यायाम शिकवायला एक ताई यायच्या. त्यांनी पिवळा रबरी चेंडू दिला होता, दाबायला. तो चेंडू सदानकदा दिवाणाखाली सापडायचा. "गेला घरंगळत," पप्पा म्हणायचे. चेंडूला पाय फुटल्यासारखा तो रोज त्याच कोपऱ्यात घरंगळत जायचा. आई चिमट्यानं ओढून काढायची आणि काही न बोलता त्यांच्या मांडीवर ठेवायची. माझ्या आईचा खेळ वेगळाच आहे, ती झेलतही नाही, चुकवतही नाही. कोणी नातेवाईक येऊन म्हणालं, वहिनी त्यांना अमुक काढा द्या, तर ती म्हणते, हो, देऊ. तमुक तेल लावा. हो, लावू. येणारा समाधानानं जातो, काढा काही शिजत नाही.

पप्पांचं खरं दुखणं हातात नव्हतं. म्हणजे हातातच होतं, पण बोटांच्या वळण्यात नव्हतं. दोन्ही हात जुळत नव्हते, हे होतं. आमच्याकडे सकाळ हात जोडून सुरू होते आणि रात्र हात जोडून संपते. मंदिरात गेलं की हात जोडायचे, रस्त्यात कोणी भेटलं, जय जिनेंद्र, हात जोडायचे, गिऱ्हाईक निघालं, हात जोडायचे. इस्पितळातून आल्यावर पहिल्यांदा कोणी भेटायला आलं तेव्हा पप्पांनी उजवा हात एकटाच छातीशी नेला आणि तिथेच थांबवला. मग तो खाली घेऊन पांघरुणाखाली घातला. नंतर मला म्हणाले, "एका हाताचा नमस्कार कसा दिसते माहीत हाय का तुले? शाळंतल्या पोरानं बाहीर जाऊ का म्हणून इचारल्यासारखा." मी हसले. तेही हसले. आणि त्या दिवसापासून त्यांनी लोकांसमोर यायचं बंद केलं.

दुकानाला कुलूप. मंदिरात जाणं बंद. "हात जुळले की येतो," एवढंच. भगवंतासमोर अर्धा नमस्कार न्यायचा नाही म्हणे. मी म्हटलं, भगवंत हात मोजत बसले आहेत का? तर म्हणाले, "ते नाई मोजत. मी मोजतो."

आणि सगळ्यात जास्त चुकवायचे ते मनोहरकाकांना. काकांचं समोरच भांड्यांचं दुकान. दोघं शाळेपासूनचे मित्र. दुकानाच्या दोन पायऱ्यांवर समोरासमोर बसून मधल्या रस्त्यावरून गप्पा मारायचे, मधून ऑटो गेला तर वाक्य थांबवायचे आणि ऑटो गेला की पुढे सुरू. काका जैन नाहीत, तरी आमच्या घरचे सगळे नेम त्यांना पाठ. संध्याकाळी कधी आले तर दिवस मावळला की स्वतःच म्हणणार, आता मले काही देऊ नका वहिनी. इस्पितळात पप्पांच्या खाटेशी उभं राहून काका म्हणाले होते, "सुधाकर, लय केलं तू. आता दुकान देऊन टाक कोणाले भाड्यानं. एका हातानं कापड थोडंच फाडता येते?"

ते माणूस काळजीनं बोललं होतं. मला माहीत आहे, कारण मी पाठोपाठ जिन्यात गेले तेव्हा काका भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. पण ते पप्पांनी कुठे पाहिलं. त्यांनी फक्त वाक्य ऐकलं. आणि ते वाक्य नेमकं तिथे लागलं जिथे ते स्वतःच स्वतःला रोज तेच म्हणत होते.

काका रोज दुपारी जेवणासाठी दुकान बंद करून आधी आमच्याकडे यायचे. अंगणाच्या फाटकाची कडी वाजली की पप्पा काठी उचलून न्हाणीघराकडे निघायचे. एरवी उठायला ज्यांना दोन माणसं लागत ते कडीच्या आवाजाला एकटे उठायचे. आई दारात जाऊन सांगायची, झोपले हायत. काका म्हणायचे, बरं, झोपू द्या. हे रोजचं झालं.

मी गेम लावला तो पप्पांसाठी नव्हे, माझ्यासाठी. शनिवारची दुपार, बाहेर पाऊस, टीव्ही मोकळा. पहारेकऱ्यासमोर मी नेहमीसारखी उड्या मारत होते, इकडून तिकडे. पप्पा दिवाणावर पडून पाहत होते.  मग म्हणाले, "तू लय पयतं बाई."

"पळू नको तर काय करू? मरू?"

"त्याच्या खांद्याकडे पाह्य. तलवारीकडे काहून पाह्यतं? तलवार येईन तवर उशीर होते. खांदा आधी सांगते."

आयुष्यभर गिऱ्हाइकाचा खांदा पाहून, हा घेणार की नुसता भाव विचारून जाणार, हे ओळखणारा माणूस. मी खांद्याकडे पाहिलं. खरंच, तलवार हलण्याआधी तो खांदा किंचित मागे जायचा. मी हातातला रिमोट त्यांच्या मांडीवर ठेवला. गेमच्या त्या दोन मुठींच्या यंत्राला पप्पा रिमोटच म्हणतात, मीही आता तेच म्हणते. "मग तुम्हीच खेळा."

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. त्या गेममध्ये चुकवायचं बटण उजव्या अंगठ्याखाली असतं. झेलायचं बटण डाव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली.

पप्पांनी अर्थातच चुकवायला सुरुवात केली. उजवा अंगठा, टक टक टक. डावा हात मी रिमोटच्या मुठीभोवती नीट बसवून दिला होता, तो नुसता बसून होता, लग्नात रुसलेल्या पाहुण्यासारखा. पप्पा आठवड्याभरात माझ्याहून बरे चुकवायला लागले. पण मारत नव्हते. पहारेकऱ्याचा वार हुकला, तो उघडा पडला, मी ओरडतेय मारा मारा, आणि पप्पा शांत उभे.

"काहून मारू? त्यानं माहं काय केलं?"

"पप्पा, तो तुम्हाला कापायला आलाय."

"आपणच गेलो नं त्याच्या पुलावर."

मी कपाळाला हात लावला. पण मला आश्चर्य वाटायला नको होतं. लहानपणी होळीच्या बाजारात साखरेचे हत्ती-घोडे मिळायचे, सगळी पोरं घ्यायची. आमच्या घरात ते यायचे नाहीत. साखरेचा असला तरी तुझ्या मनात तो हत्ती आहे, आणि हत्ती आहे असं समजून तू त्याची सोंड कुडुम करून खाल्लीस, म्हणजे मनानं हत्ती मारलास. मला साध्या गाठ्या मिळायच्या, फार तर साखरेचं कमळ. अशा घरातल्या माणसाच्या हातात मी तलवार दिली होती.

दशलक्षण लागलं तसे पप्पा आणखी कडक झाले. दहा दिवस पर्वाचे, आई एकवेळ जेवणारी, घरात हिरवी भाजी नाही, मुगाचं वरण आणि बेसनाच्या वड्या, पाणी गाळून उकळलेलं. पलीकडच्या गल्लीत गणपती बसलेला, त्याच्या ढोलाचा आवाज आणि आमच्या मंदिरातल्या पूजेचा लाउडस्पीकर हवेत एकमेकांत मिसळायचे. मला वाटलं आता गेम बंद. तर पहिल्याच दिवशी, उत्तम क्षमेच्या दिवशी, दुपारी पप्पा म्हणाले, लाव.

"चालतं?"

"मारणं नाई चालत. ठरवून मारणं ते संकल्पी हिंसा, ते गृहस्थालेही माफ नाई. पण अंगावर आलेलं अडवणं, ते विरोधी. त्याची गृहस्थाले सूट हाय." मग जरा थांबून म्हणाले, "अडवाचं बटन कोणतं म्हनलं तू?"

मी डाव्या बोटाकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. मला वाटतं, त्यांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

त्यानंतरच्या दुपारी मी कधी विसरणार नाही. पहारेकऱ्याची तलवार यायची, पप्पा बोटाला सांगायचे, बोट ऐकायचं, पण निरोप पोचेपर्यंत तलवार लागून गेलेली असायची. पुन्हा. पुन्हा. एकदा त्यांनी लबाडी केली, रिमोट मांडीवर आडवा ठेवून उजव्या हातानं डावं बटण दाबून पाहिलं.  त्यांनीच रिमोट परत सरळ केला. कधी चिडायचे आणि उजव्या अंगठ्यानं सटासट चुकवत सुटायचे, बराच वेळ, आणि ते पाहताना मला रडू यायचं, कारण ते किती सोपं होतं त्यांना. दिवाणाखालचा चेंडू, न्हाणीघर, बंद दुकान, सगळं त्या एका अंगठ्याखाली.

आई उंबऱ्यात बसून गहू निवडत पाहायची. एकदा म्हणाली, "तुमी बापलेक त्या मानसाले रोज तरास देता. त्याले जेवू तरी द्या."

चुकवणं म्हणजे भित्रेपणा, असं मला म्हणायचं नाही. तसं म्हणणाऱ्यानं चातुर्मासात आमच्या आईबरोबर मंदिरापर्यंत चालून पाहावं. ओल्या रस्त्यावर गोगलगायी, वाणीकिडे, गांडुळं, आणि आई एकेक पाऊल पाहून टाकणार, या बाजूनं त्या बाजूनं, पदर सावरत. शंभर पावलांच्या रस्त्याला ती लावते तो वेळ पाहून लहानपणी मी वैतागायचे. तेही चुकवणंच. पण ते दुसऱ्याला लागू नये म्हणून चुकवणं आहे. गेममध्येसुद्धा काही वार असे असतात की ते झेलताच येत नाहीत, तिथून सरकणंच शहाणपणाचं. अवघड आहे ते कोणता वार कोणता हे ओळखणं. पप्पांचा आजार झेलण्यासारखा नव्हता, तो कोणालाच झेलता आला नसता. पण मनोहरकाका म्हणजे काही आजार नव्हता.

पर्व अर्धं सरलं तेव्हा पप्पांना एक गोष्ट उमगली. माझ्या नव्हे, त्यांच्याच लक्षात आली. त्यांचं बोट सुस्त नव्हतं. ते दर वेळी तेवढाच उशीर करत होतं. "हे बोट म्हणजे पॅसेंजर गाडी हाय," ते म्हणाले. "जोरानं दाबून काय उपेग? तिले आधी सोडा लागते." आणि पहारेकऱ्याचा खांदा मागे जायच्याही आधी, तो नुसता पाय रोवायचा तेव्हाच, पप्पांनी बोटाला निरोप धाडला.

ठण्ण.

टीव्हीवर ठिणगी उडाली. आईच्या हातातलं सूप थांबलं. पप्पा टीव्हीकडे नाही, आपल्या बोटाकडे पाहत होते, कोणी लांबच्या गावाहून आलेलं माणूस पाहावं तसे.

दुसऱ्या दिवशी दोनदा वाजलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मोजणं सोडलं. आणि चतुर्दशीच्या अलीकडे केव्हातरी, झेलत झेलत, एकही वार न करता, पप्पांनी पहारेकऱ्याला गुडघ्यावर आणलं. छातीवर लाल ठिपका चमकायला लागला. आता एक बटण, आणि पूल मोकळा.  पप्पांनी रिमोट बाजूला ठेवला.

"बसला बिचारा. थकला."

"पप्पा, तो परत उठतो."

"उठू दे नं. आपण कोठं पलीकडे चाललो."

पहारेकरी उठला. पुन्हा तलवार घेऊन उभा राहिला. त्या बापाला आणि त्या राक्षसाला एकमेकांसमोर पाहून मला इतकं हसू आलं की मी दिवाणावर लोळले. आणि हसता हसता वाटलं, या माणसाला काही होऊ नये. बस, एवढंच वाटलं, सरळ.

तोवर काकांनाही शंका आली होती. एका दुपारी दारातूनच त्यांचा आवाज. "वहिनी, सुधाकर झोपला, अन् टीव्हीवर तलवारी कोण चालवून राह्यलं?"

"मेघा खेळून राह्यली," आई म्हणाली.

मी त्या वेळी आईच्या शेजारीच उभी होते, रिकाम्या हातांनी. काकांनी माझ्याकडे पाहिलं. आतून ठण्ण आवाज आला. पप्पा त्या दिवशी न्हाणीघरात गेले नव्हते, खेळ रंगात होता. काका म्हणाले, "बरं. खेळू द्या." आणि चपला घालून गेले. फाटकाची कडी त्यांनी इतकी हळू लावली की वाजली नाही.

त्या संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकली, आणि आई ताटं उचलताना मला म्हणाली, "क्षमावाणी येऊन राह्यली. त्या दिवशी हे बाहीर नाई आले, तर मंग कवाच येत नाई. मी ओळखतो यायले." आई स्वतःबद्दल बोलताना येतो, जातो, करतो असंच म्हणते, आमच्याकडच्या पुष्कळ बायका म्हणतात. ती एवढं सलग बोलली म्हणजे तिला किती धास्ती असेल ते मला कळलं.

क्षमावाणी म्हणजे आमचा दिवाळीपेक्षा मोठा दिवस. पर्व संपलं की लोक घरोघरी जातात, हात जोडतात, वर्षभरात मनानं, वाचेनं, कायेनं काही दुखवलं असेल तर उत्तम क्षमा म्हणतात. लहान मोठ्याला म्हणतो, मोठा लहानाला म्हणतो. मनोहरकाका दर वर्षी मंदिरातली गर्दी सरल्यावर यायचे. वर्षभर दोघं त्या पायऱ्यांवर बसून एकमेकांना जे जे म्हणाले असतील त्या सगळ्याची एकदम माफी मागायचे, आणि चहा पिता पिता नवीन सुरू.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस उघडला होता. आई मंदिरात जाऊन आली. शेजारपाजारचे येऊन गेले, पप्पा मधल्या खोलीत, दार लोटलेलं. आई म्हणत होती, झोपले हायत, तुमची क्षमा सांगतो त्यायले. मी आत गेले तर पप्पा दिवाणावर बसलेले, धुतलेला पांढरा सदरा, केस विंचरलेले. टीव्ही बंद. रिमोट लांब. डावा हात मांडीवर.

"कोण कोण येऊन गेलं?" त्यांनी विचारलं. मी नावं सांगितली. ते ऐकत होते, पण त्यांचे कान फाटकाकडे होते. मी काही बोलू शकत होते. चला ना पप्पा, असं. बोलले नाही, कारण ते त्यांचं बटण होतं.

ऊन जरा कलल्यावर कडी वाजली.

मी पप्पांकडे पाहत होते म्हणून मला दिसलं. नाहीतर कोणालाच कधी कळलं नसतं. कडी वाजली, तेव्हाच डावा हात मांडीवरून निघाला. काठीकडे नाही. वर. अगदी हळू, वाटेत थांबत. काका अजून अंगणातच होते. चपला काढत होते. दारात आईनं सवयीनं तोंड उघडलं, "झोपले..."

"जागा हावो मी," पप्पा आतून म्हणाले. "येऊ दे त्याले."

काका मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी आले आणि थांबले. त्यांनी हात जोडले. त्यांचं तोंड लाल झालं होतं. "सुधाकर," ते म्हणाले, "त्या दिवशी इस्पितळात मी जे बोललो..."

पप्पा त्यांच्या खांद्याकडे पाहत होते. डावा हात पोटापर्यंत आला होता, छातीपर्यंत आला, उजवा तिथे आधीच येऊन थांबला होता.  आणि डावा हात पोचला. तळवे नीट जुळले नाहीत, बोटं वाकडी, अंगठा बाहेर. पण लागले एकमेकांना.

"उत्तम क्षमा, मन्या," पप्पा म्हणाले. "मीही तुले लय चुकवलं."

काका तसेच हात जोडून उभे. मग मला कळलं की पप्पाही तसेच बसून आहेत, कारण वर गेलेला हात आता खाली येत नव्हता. एकटं असताना वर जाण्याचाच सराव केला असावा, खाली येण्याचा केला नव्हता. हात छातीशी अडकले होते आणि पप्पा कोणाला काही न सांगता तसेच धरून होते. काकांनी ते पाहिलं. ते पुढे आले, दिवाणावर शेजारी बसले, पप्पांचे ते जोडलेले दोन्ही हात आपल्या दोन्ही हातांत घेतले आणि हळूहळू, वाटेत थांबत, मांडीवर आणून ठेवले. आणि सोडले नाहीत.

 मग काका नाक ओढून म्हणाले, "दुकानाची कात्री दे. धार लावून आणतो."